गिटार आणि सिंथ एकाच खोलीत: घरी पहिला ट्रॅक करताना

मी घरी रेकॉर्ड केलेला पहिला ट्रॅक अजून माझ्याकडे आहे आणि तो मी कुणालाही ऐकवत नाही. गिटार बरी वाजली होती, सिंथचा, म्हणजे संगणकातल्या सिंथेसायझरचा, आवाजही गोड होता. पण दोन्ही एकत्र लावले की वाटायचं, शेजारशेजारच्या दोन घरांत दोन वेगळी गाणी चालू आहेत. आधी वाटलं इंटरफेस (गिटार आणि संगणक यांना जोडणारी पेटी) साधा आहे म्हणून, मग वाटलं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्रॅम) फुकटचे आहेत म्हणून. खरं कारण कळायला बराच काळ गेला. गिटार माणसाच्या हाताने वाजते, त्यामुळे तिचा सूर आणि तिची वेळ जराशी हलत असते. सिंथ संगणकाच्या घड्याळावर, नेमक्या सुरात वाजतो. या दोघांचं सुरात, वेळेत आणि जागेत जमवून द्यावं लागतं. ते जमवत १६ बारचा (इथे एक बार म्हणजे चार ठोके) एक छोटा, पण पुरा झालेला ट्रॅक कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

सामान

संगणक, गिटार, हेडफोन, ऑडिओ इंटरफेस आणि त्याला जोडायची केबल, एवढं पुरतं. मिडी कीबोर्ड (संगणकाला सुरांच्या सूचना पाठवणारी पियानोसारखी पट्टी) असेल तर सोय होते, नसेल तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये संगणकाचाच कीबोर्ड पियानोसारखा वापरता येतो. स्पीकर नंतर घ्या. खोलीचे पडसाद आवरलेले नसतील तर चांगले स्पीकरही खोटं बोलतात.

इंटरफेस घेताना एकच गोष्ट नक्की बघा: इन्स्ट्रुमेंट इनपुट आहे का. त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटारचा साधा पिकअप अशक्त असतो, त्याला सुमारे १० लाख ओहम रोध असलेलं इनपुट लागतं. लाइन इनपुटचा रोध त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतो. तिथे गिटार जोडली की आवाज बारीक येतो आणि वरची चमक जाते, जणू तारांवर कापड टाकलंय. संगणकाच्या माइकच्या भोकात थेट गिटार खुपसली तरी साधारण हाच अनुभव येतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू, निवडण्यात फार वेळ घालवू नका. मॅक असेल तर गॅराजबँड फुकट मिळतं. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. आर्डर मुक्तस्रोत आहे. बऱ्याच इंटरफेसबरोबर एखाद्या मोठ्या डीएडब्ल्यूची छोटी आवृत्तीही येते. कोणतंही एक घ्या आणि निदान तीन ट्रॅक पुरे होईपर्यंत बदलू नका. सगळ्यांत रेकॉर्डचं बटण लालच असतं.

सिंथसाठी सर्ज एक्सटी हा फुकट आणि मुक्तस्रोत प्लगइन उतरवून घ्या. व्हायटलचीही फुकट आवृत्ती आहे आणि त्यात आवाजाची लाट डोळ्यांना दिसते, शिकताना ते उपयोगी पडतं. दोन्हींपैकी एकच. प्लगइन गोळा करण्याचा नाद वाईट. मी एकदा चाळीसेक उतरवले होते, वापरले तीन.

पहिल्या दिवशीच्या सेटिंग

नवीन प्रोजेक्ट उघडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४८ किलोहर्ट्झ, बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा) २४. यापेक्षा मोठे आकडे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. २४ बिटमुळे मिळणारी मोकळीक मात्र खरोखर उपयोगी आहे: रेकॉर्डिंगची पातळी बरीच खाली ठेवली तरी खरखर वर येत नाही.

आता लेटन्सी, म्हणजे तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंतचा उशीर. संगणक आवाज छोट्या छोट्या घोटांत घेतो, त्या घोटाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, शिवाय ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ, म्हणजे एकूण ७-८ च्या घरात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर अँपपासून अडीच मीटरवर उभं राहून वाजवण्याइतकाच, हात तो सहज पचवतात. बफर १०२४ ठेवलात तर एकाच दिशेला २१ मिलिसेकंद लागतात आणि वाजवताना आपण चिखलातून चालतोय असं वाटतं. नियम सोपा: रेकॉर्ड करताना ६४ किंवा १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (लेटन्सी कमी ठेवणारा) टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी ऐकलेल्या लेटन्सीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडलं आहे.

आवाज तुटक किंवा फटफट करत येत असेल तर बफर एक पायरी वाढवा आणि ब्राउझर बंद करा.

सूर: इथे घाई केली की सगळं फसतं

एकटी गिटार पाच सेंट चढी असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पण शेजारी २२० हर्ट्झचा ए सूर सिंथवर स्थिर धरला आणि गिटारचा ए पाच सेंट वर असला, तर साधारण दर दीड सेकंदाला एक लाट उठते. आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी खटकतंय’ हे कळतं. माझ्या पहिल्या ट्रॅकचा अर्धा दोष हा होता.

म्हणून ट्यूनरचा ए सूर ४४० हर्ट्झवर आहे का ते बघा. जुनी तार असेल तर रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच बदला आणि हाताने दोन-चारदा हलकेच ताणून घ्या. नवी तार पहिले काही तास उतरतच राहते. सूर लावताना खालून वर या. तार चढी झाली तर आधी उतरवा, मग पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीतली ढिलाई निघून जाते.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा राहतो का, ते तपासा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर सारखे आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल थोडा मागे घ्यावा लागतो. इलेक्ट्रिकवर हे काम स्क्रू-ड्रायव्हरने घरी होतं, अकूस्टिकवर नाही.

शेवटचा संशयित तुमचा डावा हात. हेडफोनवर आवाज मोठा आला की आपण नकळत जोरात दाबतो आणि तार चढते. कॅपोही तेच करतो. तो फ्रेटला अगदी चिकटून लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर तपासा. प्रत्येक टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधी पाच सेकंद ट्यूनर बघायची सवय लागली की मिक्समधले कित्येक तास वाचतात.

गिटार रेकॉर्ड करणे

टेम्पो मिनिटाला ९० ठोके ठेवा. ए मायनर–एफ–सी–जी, एका कॉर्डला एक बार, चार वेळा फिरवलं की १६ बार आणि सुमारे ४३ सेकंद होतात. पहिल्या ट्रॅकला एवढं पुष्कळ आहे.

कोऱ्या क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, वाजवणं रूक्ष वाटतं. त्याऐवजी मिडी ट्रॅकवर किक पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला, स्नेअर दुसऱ्या-चौथ्याला आणि मधे हाय-हॅट असा साधा ठेका घाला. हात त्याच्या अंगाने चालतो.

इनपुटचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) लावताना सगळ्यात जोरात वाजवाल तसं वाजवा आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान ठेवा. लाल दिवा लागू देऊ नका. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं. लाटेचं डोकं छाटलं जातं आणि ते परत जोडता येत नाही.

इलेक्ट्रिक गिटार थेट इंटरफेसमधून कोरडी रेकॉर्ड करा आणि अँपचा आवाज त्याच ट्रॅकवर प्लगइन म्हणून लावा. वाजवताना अँपसकट ऐकू येईल, पण फाइलमध्ये स्वच्छ गिटारच साठेल. मी एकदा पेडलमधून भरपूर रिव्हर्ब (खोलीच्या पडसादासारखा परिणाम) घालून एक छान टेक घेतला. दुसऱ्या दिवशी तो रिव्हर्ब नको झाला, पण काढणार कसा? टेक गेला. कोरडं ठेवलं असतं तर दोन क्लिकचं काम होतं.

अँपसाठी न्यूरल अँप मॉडेलर हा फुकट प्लगइन चांगला आहे. खऱ्या अँपच्या वागण्याची नोंद केलेली फाइल त्यात चढवायची. ती नोंद फक्त अँपची असेल तर पुढे कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्याच्या आवाजाची नोंद, लावणं भागच आहे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. तो गाळणीसारखं काम करतो. कॅबिनेट विसरलात तर डिस्टॉर्शन डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखं ऐकू येतं आणि नवखा माणूस ‘फुकटचं सॉफ्टवेअर असंच’ म्हणून सोडून देतो. गेन मनात येईल त्यापेक्षा एक तृतीयांश कमी ठेवा.

अकूस्टिक असेल तर माइक लागेल. कंडेन्सर माइकला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फँटम बटण दाबावं लागतं. माइक साउंडहोलच्या समोर धरू नका, तिथे नुसता घुमारा असतो. मान शरीराला जिथे मिळते तिथे, बाराव्या फ्रेटच्या आसपास, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून सुरुवात करा आणि मग वीतभर इकडेतिकडे सरकवून ऐका. इतका फरक कोणताही प्लगइन पाडत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असेल तर उत्तम.

आणि हे महत्त्वाचं: सगळे बार दोनदा वाजवा. एक टेक डावीकडे, दुसरा उजवीकडे. पहिल्याचीच प्रत काढून दुसऱ्या बाजूला टाकली तर काही होत नाही, दोन्ही कानांत सारखाच आवाज म्हणजे तो पुन्हा मधेच ऐकू येतो. रुंदी येते ती दोन वेळच्या हातांतल्या बारीक फरकांमुळे. आपल्या हाताचा कच्चेपणा इथे कामाला येतो.

सिंथ: एक आवाज स्वतः घडवा

मिडीत आवाज नसतो. कोणता सूर, किती जोराने, कधी सुरू, कधी बंद, एवढ्याच सूचना असतात. जोर ० ते १२७ च्या आकड्यांत मोजतात. ही भाषा १९८३ पासून जवळपास तशीच चालत आली आहे. त्या वर्षी जानेवारीत सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ जाहीर प्रात्यक्षिकात जोडून दाखवले होते. तुमच्यासाठी त्यातली सोय अशी, की चुकीचा सूर वाजला तर पुन्हा वाजवायची गरज नाही, माउसने ओढून जागेवर ठेवायचा.

प्रीसेट ऐकायला लागलात की संध्याकाळ जाते. त्यापेक्षा कोरा पॅच (सिंथच्या आवाजाची मांडणी) उघडा आणि एक पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ आवाज, घडवा. ऑसिलेटरवर (मूळ आवाज काढणाऱ्या भागावर) सॉटूथ लाट घ्या. तिच्यात सगळे उपसूर असल्यामुळे तासायला भरपूर माल मिळतो. दुसराही सॉटूथ घ्या आणि तो ८ सेंट सरकवा. गिटारवर जी लाट खटकत होती, तीच इथे आवाजाला अंग देते. फरक एवढाच, की इथे ती आपण ठरवून आणली. मग लो-पास फिल्टर (वरचा भाग झाकणारा) लावून ८०० हर्ट्झच्या आसपास आणा. फिरवताना कान उघडे ठेवा, आवाज झाकला जातो ते कळेल. आता एन्व्हलप, म्हणजे सूर कसा चढतो-उतरतो ते: अटॅक (चढायचा वेळ) ४०० मिलिसेकंद, सस्टेन (धरून ठेवायची पातळी) पूर्ण, रिलीज (सोडल्यावर विरायचा वेळ) एक सेकंद. सूर हळूच उगवतो आणि हळूच मावळतो. शेवटी एक संथ एलएफओ (बटण आपोआप हळू हलवणारी लाट) फिल्टरला जोडा, अगदी थोडा.

याच पॅचची नक्कल करून बेस करा: एकच ऑसिलेटर, मोनो (एका वेळी एकच सूर), फिल्टर ३०० हर्ट्झ, अटॅक जवळजवळ शून्य, रिलीज आखूड. एका आवाजातून दुसरा काढला की कोणतं बटण काय करतं ते हाताला कळतं. पुस्तकातून ते कळत नाही.

जागा: कोण कुठे बसणार

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, बारीक मोकळी तार ३३० हर्ट्झ. उघड्या कॉर्डचे सगळे मूळ सूर जवळपास याच पट्ट्यात दाटीने बसतात आणि त्यांचे उपसूर वर पसरतात. आता पॅडवर दोन्ही हातांनी तीच कॉर्ड त्याच सप्तकात धरलीत तर एका बाकावर दहा जण बसल्यासारखं होतं. मग लोक इक्वलायझर घेऊन तासभर कापत बसतात. कापायचे ते सूर मुळात वाजवलेच नसते तर?

सिंथचा बेस हा गिटारच्या सुरांखाली बसवा: ए ५५ हर्ट्झचा, एफ ४४, सी ६५, जी ४९. पॅडला फक्त दोनच सूर द्या आणि ते मधल्या सी च्या वरच्या सप्तकात, ५२३ हर्ट्झच्या आसपास. ए मायनरवर सी आणि ई. एफवर सी तसाच धरून ई चा एफ करा. सी कॉर्डवर पुन्हा सी आणि ई. जीवर बी आणि डी. बघा, बोटं जेमतेम हलतात आणि कॉर्ड मात्र चार होतात. हे सूर गिटारच्या डोक्यावर तरंगत राहतात, तिच्या अंगावर पडत नाहीत. फिल्टर आता थोडा अधिक उघडावा लागेल.

पहिल्या चार बारांत पॅड ठेवूच नका. नुसती गिटार. पाचव्याला बेस येऊ दे, नवव्याला पॅड. तेराव्याला गिटारच थांबवून बघा. ती परत येते तेव्हा मोठी वाटते.

वेळ: संगणकाने गिटारकडे बघायचं

सगळे मिडी सूर शंभर टक्के क्वांटाइझ केले, म्हणजे ठोक्यांच्या चौकटीवर नेमके ओढून बसवले, की बेस चौकटीवर बसतो आणि गिटार त्याच्या आगेमागे अडखळल्यासारखी वाटते. दोष गिटारवर येतो. म्हणून गिटार आधी रेकॉर्ड करायची आणि बेस तिला ऐकत वाजवायचा. नंतर क्वांटाइझची ताकद ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. चौकट सूर जवळ ओढते, पण जखडत नाही. बेसचे आघात गिटारच्या लाटेशेजारी मोठे करून बघा. जिथे गिटार जरा मागे आहे तिथे बेसही मागे ओढा. गिटार मात्र चौकटीत कोंबू नका. एखादा ठोका खरोखर घसरला असेल तर तेवढा बार पुन्हा वाजवा.

मिक्स, थोडक्यात

सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाच्या सरकत्या कळा) खाली करून सुरुवात करा. ठेका आणि बेस वर आणा, मग गिटार, शेवटी पॅड. पॅड ऐकू येतोय असं स्पष्ट वाटलं की तो दोन डेसिबल जास्त आहे.

गिटारवर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली लो-कट (खालचा भाग कापणारा फिल्टर), पॅडवर २०० च्या खाली. बेस मधोमध. पॅडचा आवाज गिटारच्या खणखणाटावर येत असेल तर पॅडमध्ये २ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबलचा हलका खड्डा करा.

आता तो ‘एकाच खोलीचा’ मुद्दा. प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळा रिव्हर्ब टाकू नका. एकच रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि गिटार, पॅड, स्नेअर यांचा थोडा थोडा आवाज सेंडने तिकडे पाठवा. बेस नाही. गिटारला हवेत आणि सिंथला संगणकात जन्म मिळाला असला तरी दोघांच्या भिंती आता एकच झाल्या. गिटारवर डिले, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी, हवा असेल तर ६०,००० ला टेम्पोने भागा: ९० वर एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण म्हणजे ५००. ५०० वर डिले ठेवून साधे आठवे सूर वाजवा, गंमत येते.

हळू आवाजात ऐका. एकदा मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र) करून ऐका, एकदा फोनवर. मास्टरवर लिमिटर लावून कमाल पातळी उणे १ डेसिबलवर थांबवा. स्पॉटिफायसारख्या सेवा आवाज साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे सगळं पिळून मोठं करण्याचा फारसा फायदा होत नाही.

२४ बिटची वेव्ह फाइल काढा आणि त्या दिवशी पुन्हा ऐकू नका. दुसऱ्या दिवशी चालता चालता एकदा ऐका, खटकलेल्या फक्त तीन गोष्टी लिहा, त्या दुरुस्त करा आणि प्रोजेक्ट बंद करा. बंद करण्याआधी सिंथचे ट्रॅकही ऑडिओ म्हणून बाहेर काढून गिटारच्या कोरड्या फाइलींसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. काही वर्षांनी तो प्लगइन उघडला नाही तरी पॅड जागेवर असेल.